अभ्यास सांभाळून परसातल्या कोंबड्या: पिल्लांपासून मुंगसापर्यंत

दहावी-बारावी, कॉलेज किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू असताना घरामागे दहा-पंधरा कोंबड्या सहज सांभाळता येतात. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं आणि रविवारी तासभर, एवढा वेळ पुरतो. त्यासाठी तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. पिल्लं कधी आणायची ते परीक्षेचं वेळापत्रक बघून ठरवा. खुराडं पिल्लं येण्याआधी बांधून तयार ठेवा. आणि संध्याकाळी दार कोण लावणार ते घरात पक्कं करा. अख्खं खुराडं रिकामं करणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, मानमोडी (राणीखेत हा रोग) आणि उघडं राहिलेलं दार. पहिलीला लस आहे, दुसरीला माणूसच लागतो.

पिल्लं दिवाळीच्या सुट्टीत आणा

पहिले चार आठवडे पिल्लांना सतत लक्ष लागतं. त्यातले पहिले दहा दिवस तर रात्रीही उठून बघावं लागतं. हे दिवस सुट्टीत काढले की पुढचं सगळं हिशेबात बसतं. समजा एक दिवसाची पिल्लं १ नोव्हेंबरला घरी आली. लासोटा या मानमोडीच्या थेंबाच्या लसीचा पहिला डोस ७ तारखेच्या आसपास, गंबोरो या रोगाची लस १४-१५ ला, लासोटाचा दुसरा डोस २८ च्या सुमारास, देवी रोगाची डिसेंबरच्या मध्यात आणि आरटूबी ही मानमोडीची टोचायची लस जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. तोवर लसी संपलेल्या असतात आणि पिल्लं तीन महिन्यांची होऊन स्वतः चरायला लागलेली असतात. जून-जुलैत आणलेल्या पिल्लांना ओलाव्यामुळे रक्ती हगवण गाठते, मार्च-एप्रिलमध्ये आणली तर ऊन आणि परीक्षा दोन्ही एकदम अंगावर येतात. दिवाळीच्या पिल्लांतले नर आखाडात विकायला बरोबर तयार होतात हा आणखी एक फायदा. श्रावण लागायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे गावरान कोंबड्याला वर्षातला चांगला भाव देतात.

पहिल्यांदा पंधरापेक्षा जास्त पिल्लं आणू नका. साधारण निम्मे नर निघतात आणि आठ-दहा कोंबड्यांना एकच कोंबडा पुरतो. जात निवडताना नुसती अंडी मोजू नका. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण ती खुडूक (अंडी उबवायला) बसते, पिल्लं सांभाळते आणि घारीची सावली दिसताच झुडपात शिरते. ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते, वनराज आणि गिरीराज वजनाला भरतात. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि अंगाने जड झालेल्या कोंबड्यांना कुत्र्यापासून पळता येत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या मोकळ्या परसासाठी निम्म्या गावरान आणि निम्म्या ग्रामप्रिया हा मेळ चांगला. पांढऱ्या कोंबड्या वरून लांबूनच दिसतात, म्हणून रंगीत घ्या.

पिल्लांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात किंवा तालुक्याच्या पंचायत समितीत पशुसंवर्धन विभागाकडे चौकशी करा. मागणी आधी नोंदवावी लागते, त्यामुळे दसऱ्याच्या आधीच विचारून ठेवा. पिल्लू पहिल्या दिवशी मरेक्स या लकव्याच्या रोगाची लस टोचलेलं असावं. हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. बाजारात गुलाबी-हिरवा रंग लावून टोपलीत विकतात ती पिल्लं बहुतेक अंड्याच्या जातीचे टाकून दिलेले नर असतात. त्यांना लस नसते आणि ती फार दिवस टिकत नाहीत.

पहिले चार आठवडे

पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करत जायची. पंधरा पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं तीन फूट व्यासाचं गोल कडं करा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. मध्ये ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब जमिनीपासून दीड फुटावर टांगा. एलईडीचा बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या, सगळीकडे सारखी पसरून खात-झोपत असतील तर ऊब बरोबर आहे.

नोव्हेंबरच्या रात्री वीज गेली की घात होतो. दोन लिटरच्या दोन-तीन बाटल्यांत गरम पाणी भरून त्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा आणि वरून जुनी चादर अर्धी टाका, पूर्ण झाकू नका. दर दोन तासांनी पाणी बदला. या काळात रात्री अभ्यास करणाऱ्याने कडं शेजारच्या खोलीत ठेवावं, आपल्या खोलीत नको. भुशाची धूळ आणि विष्ठेचा वास तासन्‌तास नाकात जाणं बरं नाही. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, ही सवय लहान भावंडांनाही लावा.

खाली तीन इंच लाकडाचा भुसा किंवा सोयाबीनचं कोरडं भुसकट पसरा. पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर पिल्लं भुसाच खातात. आल्या आल्या पहिल्यांदा पाणी द्या: एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, की त्याला पाणी कुठे आहे ते कळतं. दोन तासांनी खाद्य. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोटे टाका, कारण बशीभर पाण्यातही पिल्लू बुडतं. पहिले आठ आठवडे बाजारातलं पिल्लांचं खाद्य, म्हणजे चिक स्टार्टरच द्या. पंधरा पिल्लांना या काळात साधारण २५ ते ३० किलो लागतं. मोठ्या कोंबड्यांचं शिंपला घातलेलं खाद्य पिल्लांना दिलं तर जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंड खराब होतं.

घरात खुडूक कोंबडी असेल तर हा सगळा व्याप निम्म्याने कमी होतो, अभ्यास करणाऱ्याला तीच सोयीची. विकत आणलेली एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवली तर बहुतेक कोंबड्या त्यांना आपलंसं करतात. सकाळी उजाडताच जाऊन बघा, चोच मारत असेल तर लगेच काढून घ्या.

तिच्याखाली अंडी ठेवायची तर दहा-बाराच ठेवा आणि ती सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. अंडी धुवू नका, टोकाची बाजू खाली करून थंड जागी साठवा. पाटीत तळाला राख आणि वर गवत घाला, राखेने उवा कमी होतात. सातव्या रात्री अंडी तपासा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, खाली मोबाइलची बॅटरी लावा आणि अंड्याची जाड बाजू भोकावर टेकवा. जिवंत अंड्यात काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फुटलेल्या दिसतात, नीट बघितलं तर ठिपका हलतो. आतून सगळं स्वच्छ पिवळसर दिसलं तर ते अंडं कोरं, काढून टाका. आत लाल रिंगण दिसलं तर गर्भ मेला आहे, तेही काढा, कारण पुढे ते नासून फुटतं आणि बाकीच्यांना लागतं. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात.

खुराडं

पंधरा कोंबड्यांना रात्री मुक्कामाला सहा फूट बाय पाच फूट जागा पुरते, म्हणजे एका कोंबडीला दोन चौरस फूट. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत घुसत नाही. काळ्या मातीत जमिनीलगत बांधलेलं खुराडं पहिल्याच पावसात चिखलात जातं. दगड-मुरूम घालून जोतं फूट-दीड फूट उचला. पत्र्यावर उन्हाळ्यात चुना मारून वर तुराट्या किंवा कडबा टाका, आतला ताप बराच उतरतो.

भिंतीला पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा कूड चालतो, पण फक्त आडोसा म्हणून. त्यातून मुंगूस सहज आत येतं. आतून अर्ध्या इंचाची जाड वेल्डमेश (चौकोनी भोकांची, तारा जोडलेली) जाळी ठोकाच. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं. जाळी जमिनीपाशी संपवू नका. तिचा एक फूट पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर दगड-मुरूम दाबा. उकरणारं जनावर नेहमी भिंतीच्या बुडाशी उकरायला सुरुवात करतं, तिथे जाळी लागली की ते सोडून देतं. दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या हव्यात. वरची एकच कडी असेल तर कुत्रं खालचा कोपरा वाकवून शिरतं. दार आणि चौकटीतली फट बोटाएवढीही नको.

बसायला दीड-दोन इंच जाडीच्या गोल काठ्या अडीच फुटांवर बांधा, एका कोंबडीला आठ इंच धरून. म्हणजे पाच फुटांच्या दोन काठ्या. दोन्ही एकाच उंचीवर, एकमेकींपासून सव्वा फूट. एक वर आणि एक खाली ठेवली तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते. अंडी घालायला तेलाचे रिकामे पंधरा किलोचे चार डबे आडवे करा, पत्र्याच्या कडा आत दुमडा, आत गवत घाला. हे डबे दोन फूट उंचीवर अंधाऱ्या बाजूला बांधा. जमिनीवर ठेवले तर घूस आणि साप दोघांनाही सोपं जातं.

खालच्या भुशाला दर रविवारी खराट्याने उलटंपालटं करा आणि ओला भाग काढून टाका. आत वाकून बघितल्यावर डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे आणि ओल जास्त आहे. कोंबड्यांच्या डोळ्यांना रात्रभर तेच लागतं, मग त्यांना सर्दी धरते. थंडीत गोणपाटाचा पडदा वाऱ्याच्या बाजूने फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावा.

दार कोण लावणार

कोंबड्या दिवेलागणीला स्वतःहून खुराड्यात शिरतात. त्यांना हाकायचं काम नसतं, मोजायचं आणि कडी लावायचं काम असतं. अडचण वेळेची होते. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आधी सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. तालुक्याला कॉलेजला जाणारं पोरगं थंडीत साडेसहाच्या एसटीने घरी येतं, तोवर कोल्हा आणि रानमांजर येऊन गेलेली असतात. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाचं, आजीचं किंवा आईचं, असं ठरवून टाका आणि त्याला एक पर्यायी माणूसही नेमा. ‘कोणीतरी लावेल’ असं असेल तिथे दार उघडं राहतं. लातूर-धाराशिवकडे येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी सगळं घर अंधार पडेपर्यंत शेतात असतं. त्या दिवशी आणि घरातल्या लग्नाच्या दिवशी कोंबड्या सोडूच नका. आतच दाणा-पाणी ठेवा, एका दिवसाने काही बिघडत नाही.

सकाळीही घाई नको. उजाडता उजाडता मुंगूस आणि रानमांजर हिंडत असतात. नीट लख्ख झाल्यावर, साडेसात-आठला सोडा. अंडीही बहुतेक सकाळच्या वेळी येतात. उशिरा सोडल्याने त्यातली बरीच डब्यातच घातली जातात, गंजीखाली शोधत फारसं फिरावं लागत नाही.

खाणं आणि पाणी

परसात चरणाऱ्या मोठ्या कोंबडीला वरून रोज ४०-५० ग्रॅम खाद्य लागतं, नुसतं कोंडून ठेवली तर १०० ते १२०. दहा कोंबड्यांना महिन्याला पंधरा किलो धरा. घरी मिसळायचं तर साधारण दहा किलोसाठी मका किंवा ज्वारीचा भरडा ६ किलो, सोयाबीनची पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, शिंपल्याचा चुरा ७०० ग्रॅम, मिनरल मिक्श्चर २५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका. त्यातल्या घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत. चांगलं भाजून घेतलं तरच चालतं. सरकीची पेंड अंड्यावरच्या कोंबड्यांना नको, बलक हिरवट-तपकिरी पडतो. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड जनावरांना चालते म्हणून कोंबडीला टाकतात, तेही नको. त्यातल्या विषाने यकृत खराब होतं आणि लसही नीट लागू पडत नाही.

आपल्या भागातला सगळ्यात घातक काळ म्हणजे मिरगाची पेरणी. औषध चोळलेलं लाल-गुलाबी बियाणं पोत्यातून अंगणात सांडतं आणि कोंबड्या ते टिपतात. फोरेट या आता बंदी असलेल्या कीटकनाशकाचे उरलेले दाणे, उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइडचं पीठ, कपाशीवर फवारलेल्या पंपाचं धुतलेलं पाणी यांनीही काही तासांत कोंबडी लोळते. पेरणीचे आठ-दहा दिवस आणि फवारणीच्या दिवशी कोंबड्या आवारातच ठेवा. अशा मेलेल्या कोंबडीला खाऊ नका, कुत्र्यालाही टाकू नका.

एरवी पंधरा कोंबड्यांना रोज चार लिटर पाणी पुरतं, मे महिन्यात आठ लिटर लागतं. टँकरच्या गावात हे आधीच हिशेबात धरा. मडक्याचा तळ सावलीत पुरून ठेवला तर पाणी थंड राहतं. पारा ४० च्या वर गेला की दुपारी अकरा ते चार खाद्य बंद ठेवा, कारण पचनाची उष्णताही अंगात भर घालते. पहाटे आणि संध्याकाळी द्या. जाळीला ओलं गोणपाट लावा. पंख पसरून, चोच वासून पडलेल्या कोंबडीला सावलीत घेऊन पाय आणि तुरा ओला करा, मग गूळ-मीठाचं पाणी थेंब थेंब पाजा.

लस

लासोटाची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. पंधरा पिल्लांसाठी बाटली फोडण्यापेक्षा गल्लीतल्या चार घरांची पिल्लं एका दिवशी गोळा करा. लस दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. खिशात घालून सायकलवर आणलेली लस दिली काय आणि न दिली काय, सारखंच. संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या. डाव्या मुठीत पिल्लू धरा, अंगठ्याने डोकं आडवं करा, ड्रॉपर डोळ्याला न टेकवता एक थेंब सोडा आणि पिल्लाने पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत धरून ठेवा. लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं आणि थेंब बाहेर जातो.

आरटूबी कातडीखाली अर्धा मिली टोचतात. आधी लासोटा झालेलं नसेल किंवा पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर ही लसच त्याला आजारी पाडू शकते. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या, पुढे ते दर तीन महिन्यांनी. आजारी कोंबडीला कोणतीच लस देऊ नका. पहिल्या वेळी देवी आणि आरटूबी दोन्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाकडून करून घ्या आणि हात कसा चालतो ते बघा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची मदत मिळते. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही सल्ला मिळतो.

मान वाकडी होणं, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, पंख लोंबणं ही मानमोडीची लक्षणं. झाल्यावर औषध नाही. रक्ती हगवणीत पिल्लं पिसं फुगवून गप्प बसतात आणि विष्ठेत रक्त दिसतं. त्याला अँप्रोलियम पाण्यातून डॉक्टर सांगतील तेवढे दिवस द्या आणि त्याच दिवशी ओला भुसा बदला, नाहीतर औषध थांबलं की पुन्हा येते.

सकाळी काय दिसलं त्यावरून कोण आलं ते ओळखा

कोंबडी गेली की घरात आधी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर संशय जातो. खुणा बघितल्या तर उत्तर बरंच नक्की मिळतं आणि दुरुस्ती कुठे करायची तेही कळतं.

तीन-चार कोंबड्या चावून फाडलेल्या, पण खाल्लेल्या नाहीत: कुत्री. मानेच्या मागे किंवा डोक्यावर बारीक दातांच्या खुणा आणि एकाहून जास्त मेलेल्या: मुंगूस. ते दिवसाढवळ्याही येतं, आणि अंडं दगडावर आपटून फोडतं, त्यामुळे कवचांचे तुकडे सापडतात. एकच कोंबडी गायब आणि कुंपणापर्यंत पिसांची माळ: रानमांजर किंवा कोल्हा. जाळीच्या बुडाशी उकरलेलं असेल तर कोल्हा किंवा कुत्रं, आणि वरून कौल सरकलेलं असेल तर उदमांजर. पिल्लाचा पाय किंवा पोट कुरतडलेलं आणि जमिनीत मुठीएवढं बीळ: घूस. डोकं नाही आणि बाकी धड आहे: घुबड, किंवा जाळीतून डोकं बाहेर काढल्यावर बाहेरून ओढणारं मुंगूस. दुपारी पिल्लू नाहीसं झालं आणि आवाज झाला नाही: घार किंवा शिक्रा. अंडं पूर्ण गायब, कवच नाही, ओल नाही: साप किंवा घोरपड. पिल्लू मेलेलं, डोकं-मान लाळेने ओली: सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलं. कवचाचे तुकडे आणि बलक डब्यातच चिकटलेला असेल तर कोंबड्याच अंडी फोडून खातात, शिंपल्याचा चुरा वाढवा आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

घार-शिक्र्यासाठी पिल्लांच्या आवारावर फूटभर अंतराने दोऱ्या ताणा आणि मध्ये एखादं दाट झुडूप ठेवा. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत मोकळी सोडायची नाहीत. उडवून लावायला फटाके, गलोल यांचा उपयोग दोन दिवस होतो.

सापाबद्दल नीट सांगायला हवं. खुराड्यात साप येतो तो आधी उंदरांच्या मागे. सांडलेलं धान्य रात्री उचललं, खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि खुराड्याभोवती पाच फुटांच्या आत गवत-दगडांचा ढीग ठेवला नाही, तर त्याचं येणं कमी होतं. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते, पण अंधारात ती आणि नाग यांतला फरक ओळखायच्या भानगडीत पडू नका. अंडी काढताना डब्यात बॅटरी मारून बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, हे लेकरांना पुन्हा पुन्हा सांगा. साप दिसला तर दूर उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. चावला तर आवळून बांधणं, चिरणं, मंत्र हे सगळं सोडून १०८ ला फोन करा आणि हात न हलवता ग्रामीण रुग्णालय गाठा. मासे पकडायच्या नायलॉनच्या जाळ्या खाली लावू नका. साप त्यात अडकून मरतो आणि सोडवायला जाणारा चावून घेतो.

मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड, घुबड, साप या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. फासे लावणं, मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवणं किंवा तारेत वीज सोडणं हा गुन्हा आहे. शिवाय त्या विषाने आपलंच कुत्रं आणि त्या तारेने आपलंच माणूस जातं. एक मुंगूस मारलं तर महिनाभरात दुसरं त्या जागी येतं, कारण फट तिथेच असते. तो वेळ आणि पैसा अर्ध्या इंचाच्या जाळीत घाला. जनावर आत अडकलं असेल तर दार उघडून बाजूला व्हा. जखमी असेल किंवा बिबट्याचा माग दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कन्नड-गौताळ्याच्या जंगलाच्या बाजूला आणि उसाच्या पट्ट्यात खुराडं घराच्या भिंतीला लागूनच बांधा आणि रात्री आवाज आला म्हणून एकट्याने बाहेर जाऊ नका.

मोर दिसायला देखणा असला तरी कोंबड्यांच्या दाण्यावर येऊ देऊ नका. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या आसपास आणि ज्या शिवारात मोर आहेत तिथे दाणा अंगणात फेकायचाच नाही, जाळीच्या आत द्यायचा. मानमोडी आणि जंत दोन्ही बाजूंनी जातात, आपल्या कोंबड्यांकडून मोरांनाही. जायकवाडीसारख्या तलावाच्या काठी थंडीत परदेशी बदकं उतरतात, त्या काळात काठचं पाणी कोंबड्यांना पाजू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्यांमध्ये आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता. गावात कावळे मरून पडलेले दिसले किंवा एकदम बऱ्याच कोंबड्या तुरा निळा पडून मेल्या, तर उघड्या हाताने उचलू नका, विकू नका, त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. एरवी मेलेली कोंबडीही उकिरड्यावर न टाकता तीन फूट खड्ड्यात चुना घालून पुरा. उकिरड्यावर टाकली की कोल्ह्या-कुत्र्यांना तुमच्या घराची वाट कायमची कळते.

परीक्षेचा महिना

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी नवीन कोंबडी आणायची नाही, खुडूक बसवायची नाही, खाद्य बदलायचं नाही. महिन्याचं खाद्य भरून ठेवा. खुराड्याच्या दारावर कागद चिकटवा: सकाळी साडेसातला सोडणं, दाणा किती वाट्या, पाणी किती, दुपारी अंडी, संध्याकाळी मोजून किती भरायला हव्यात, दोन्ही कड्या. ज्याच्यावर काम सोपवलं त्याच्याकडून परीक्षेच्या आधीचे तीन दिवस तुमच्यासमोर करून घ्या, कारण खालची कडी पहिल्या दिवशी हमखास विसरते. नवीन कोंबडी आधीच आणून ठेवली असेल तर ती दोन आठवडे बाकीच्यांपासून वेगळ्या डालग्याखाली ठेवा आणि तिला दाणा-पाणी सगळ्यात शेवटी द्या, म्हणजे तिच्या अंगावरचं काही तुमच्या हाताने बाकीच्यांकडे जात नाही.